परसातली भेग आणि देवबागची वाळू

सप्टेंबरात मामीचा फोन आला. "बाय, फणसाच्या मागं जमीन फाटल्यागत झालीय. बोट जातं आत." मामांनी तिच्या हातून फोन घेतला आणि "काय नाय गं, उनानं तडकलीय," म्हणून विषय संपवला. सप्टेंबरात महाड तालुक्यात ऊन कुठलं? फोन ठेवला, पण झोप लागली नाही. मामांचं गाव डोंगराच्या पोटाशी आहे. वर कातळ, खाली सावित्रीचं खोरं, मधे वीस-बावीस घरं. २००५ च्या आणि २०२१ च्या जुलैत दरडींनी आजूबाजूच्या वाड्यांचं काय केलं ते आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

मी कॉलेजात भूगोल शिकवते. परीक्षा संपल्यावर, डिसेंबरात, धाकट्या भावाला गाडी चालवायला घेतलं आणि निघाले. वेळ मुद्दाम निवडली होती. पावसाळ्यात डोंगर हिरवागार असतो, भेगा गवताखाली झाकलेल्या असतात. वैशाखात झरे आटलेले असतात. मार्गशीर्षात गवत पिवळं पडून खाली बसतं आणि पाणी अजून वाहतं असतं. डोंगर कुठून पाणी पितो आणि कुठून सोडतो, ते याच दिवसांत दिसतं. मामांकडे जायचंच होतं. तिथून पुढे किनाऱ्याने देवबागपर्यंत जाऊन यायचं ठरवलं.

८ डिसेंबर : कल्याण ते महाड, वाकड्या वाटेने

सरळ पेणवरून न जाता चौकला वळलो. इर्शाळगडाचं नेढं रस्त्यावरूनच दिसतं. त्याच्या खालच्या टप्प्यावर इर्शाळवाडी होती, ठाकूर समाजाची. १९ जुलै २०२३ ला रात्री अकराच्या सुमारास वरचा उतार सुटला. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ता ठरवून चार दिवसांनी शोध थांबवला. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे यंत्रं वर चढलीच नाहीत. माणसांनी कुदळ-फावड्याने, भर पावसात चिखल उपसला.

ही वाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हती, हे मला तेव्हापासून खुपतं. यादी करणारे डोंगराचा उतार, माती आणि पूर्वीच्या दरडी पाहतात. जिथे पूर्वी काही घडलेलं नाही ते गाव सुरक्षित धरलं जातं. पण डोंगराचं वय माणसाच्या आठवणीत मावत नाही. हा सगळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. थरावर थर, तव्यावरच्या घावनांसारखे. एक थर घट्ट, त्याच्या वरचा जाळीदार, मधे कुठे तांबड्या भाजक्या मातीची पातळ पट्टी. घट्ट थरातून पाणी खाली उतरत नाही, ते आडवं सरकतं आणि डोंगराच्या कडेला झऱ्यासारखं बाहेर पडतं. वाड्या वसल्या त्या याच झऱ्यांच्या आधाराने. ज्या पाण्यासाठी माणसं तिथे राहिली, तेच पाणी एखाद्या जुलैत उताराची माती उचलतं.

खोपोली, पाली, वाकण करत अंधार पडता पडता माणगाव सोडलं. दासगावला खाडीच्या बाजूला गाडी दोन मिनिटं थांबवली. २५ आणि २६ जुलै २००५ ला दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या महाड तालुक्यातल्या गावांवर दरडी कोसळल्या, दोनशेच्या घरात माणसं गेली. तेव्हा सगळ्या वाहिन्यांवर मुंबईचा पूर होता, सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर होते. महाडची बातमी उशिरा पोचली. आमच्या घरी ती मामांच्या चुलतभावाने पायी महाडला येऊन एसटीडीवरून फोन केला तेव्हा कळली.

मामीने तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण केलं होतं. भेगेचा विषय रात्री कोणी काढला नाही.

९ डिसेंबर : परस आणि तळिये

पहाटे उजाडल्याबरोबर मी टेप, दोरी आणि वही घेऊन परसात गेले. मामा आधीच तिथे उभे होते, तोंडात दातवण.

भेग सरळ नव्हती. उन्हाने तडकलेली जमीन जाळीसारखी फुटते, षट्कोनी चकत्या पडतात. ही चंद्रकोरीसारखी वळलेली होती, दोन्ही टोकं घराच्या दिशेला झुकलेली. फणसाच्या मागून सुरू होऊन गोठ्याच्या कोपऱ्याशी संपत होती. माझी तेवीस पावलं. रुंदी कुठे दोन बोटं, कुठे चार. मी भेगेच्या दोन्ही बाजूंवर हाताची तळवी टेकवली. डोंगराकडची कड उंच होती, घराकडची चार बोटं खाली बसलेली. म्हणजे जमीन नुसती फाटली नव्हती, एक आख्खा तुकडा खाली सरकायला लागला होता. फणसाचं खोड घराकडे कललेलं, पण शेंडा पुन्हा सरळ वर गेलेला. झाड कलल्यावर कोंभ उजेडाकडे वळतो, त्याला काही वर्षं लागतात. म्हणजे हे या पावसाळ्यातलं नव्हतं.

"मामा, हा फणस कधीपासून वाकलाय?"

"घर वाढवलं तवापासून आसंल," मामा म्हणाले आणि थांबले. त्यांनाही ते बोलता बोलताच उमगलं.

धाकटा मामेभाऊ मुंबईला लागला तेव्हा मागे दोन खोल्या काढल्या. जागा नव्हती म्हणून जेसीबी आणून डोंगर दहा-बारा फूट उभा कापला. कापलेल्या भिंतीत तीन थर स्पष्ट दिसत होते : वर हातभर काळपट माती, मधे पुरुषभर पिवळा मुरूम आणि गोटे, खाली काळा दगड. मुरूम आणि दगडाच्या सांध्यातून डिसेंबरातही ओल पाझरत होती, तिथे नेच्यांची ओळ उगवली होती. मी बोट लावलं, गार पाणी. उताराचा पाय कापला की वरची माती आधाराशिवाय राहते. खालून पाण्याने सांधा ओला ठेवला की ती केव्हा सरकायची एवढाच प्रश्न उरतो.

मग पाणी येतं कुठून ते बघायला आम्ही तिघं वर चढलो. मामांचे वडील होते तोवर भाताचं खाचर संपतं तिथे आडवा चर होता. पावसाचं पाणी तो गोळा करून बाजूच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, सोडायचा. दर ज्येष्ठात चर उकरायचं काम सगळ्या वाडीचं होतं. वरच्या वाडीचा रस्ता झाला तेव्हा चर बुजला. रस्त्याखालून पाणी जायला मोरी ठेवली होती, पण तिचं तोंड नेमकं फणसाच्या वर उघडतं. रस्त्याच्या अर्धा किलोमीटरचं पाणी एका जागी येऊन मामांच्या परसात मुरतं. वरच्या खाजगी रानातली झाडं आठ-दहा वर्षांपूर्वी ठेकेदाराने तोडली होती, बुंधे राहिले होते. तोडलेल्या झाडाची मुळं पहिली काही वर्षं माती धरून ठेवतात, मग कुजतात. कुजलेल्या मुळाच्या जागी पोकळी राहते आणि पावसाचं पाणी त्या नळीतून थेट आत जातं.

पावसाला दोष देऊन आपण किती गोष्टी झाकतो, ते त्या मोरीच्या तोंडाशी उभं राहिल्यावर मला कळलं. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडायचाच, तो कालही पडत होता. उतार कापला आपण, चर बुजवला आपण, आणि हे करणारं कोणी परकं नव्हतं. मामांना जागा हवी होती, वरच्या वाडीला रस्ता हवा होता, रानाच्या मालकाला मुलीच्या लग्नाला पैसे हवे होते. प्रत्येकाची गरज खरी होती.

भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक सळई ठोकली, दोहोंमधलं अंतर मोजलं : ६१ सेंटिमीटर. गोठ्याच्या भिंतीवर तारीख आणि आकडा कोळशाने लिहिला. भेगेत चिकणमाती ठासून वर प्लास्टिक अंथरायचं आणि चर पुन्हा उकरून मोरीचं पाणी पऱ्याकडे वळवायचं, एवढं मामांनी कबूल केलं. घर सोडण्याचं नाव काढल्यावर मात्र ते गप्प झाले.

दुपारी मीच त्यांना तळियेला घेऊन गेले. मामी येते म्हणाली नाही, पण चपला घालून गाडीत बसली.

तळियेची कोंडाळकरवाडी २२ जुलै २०२१ ला संध्याकाळी दरडीखाली गेली. तीस-पस्तीस घरं, ऐंशीहून अधिक माणसं. त्याच चोवीस तासांत वर महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता, महाड शहर पाण्यात होतं, रस्ते तुटले होते, फोन बंद होते. त्याच दिवसांत पोलादपूरला साखर सुतारवाडी आणि केवनाळे, खेडला पोसरे इथेही दरडी आल्या. आता डोंगराच्या अंगावर तो ओरखडा उभा दिसतो, गवत धरलेला. खालच्या बाजूला मोठाले गोटे. वाऱ्याशिवाय कसला आवाज नव्हता.

तिथे गुरं राखणारे एक काका भेटले. त्यांनी सांगितलं की त्या दुपारी डोंगर थोडा थोडा सुटत होता. लोकांनी बघितलं, घराबाहेर आले, एकमेकांना हाका मारून एका जागी जमले. मोठा लोंढा नेमका तिथेच आला. "जायाचं म्हनून जमली ओ. न्हाई जायाचं म्हनून न्हाई जमली."

हे वाक्य मी गाडीत बसल्यावर वहीत उतरवलं. तळियेच्या माणसांना धोका कळला नव्हता असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे. धोका कळला होता. कुठे जायचं, कोणत्या वाटेने, कोण आधी, हे ठरलेलं नव्हतं, आणि ते ठरवायला पाऊस थांबत नाही.

परतताना नव्या वसाहतीवरून आलो. म्हाडाने बांधलेली घरं, एकसारख्या रांगा. लोकांनी बराच काळ पत्र्याच्या कंटेनरमध्ये काढल्यावर ती मिळाली. मामी सगळ्या रस्ताभर बघत होती ती गोठा कुठे ते. "गुरं कुठं बांधायची हितं?" एवढंच विचारलं तिने. पुनर्वसनाच्या कागदावर माणशी चौरस फूट लिहिलेले असतात. गुरं, सरपण, भाताची उडवी, देवाची सहाण हे लिहिलेलं नसतं, आणि त्याच्यासाठीच माणसं जुन्या जागेकडे परत जातात.

१० डिसेंबर : केळशी

मंडणगडवरून केळशीला उतरलो. भारजा नदी समुद्राला मिळते तिथे वाळूची एक टेकडी आहे. नुसता ढिगारा वाटावा अशी, पण माडाएवढी उंच. खाडीने आणि माणसांनी तिची एक बाजू कापली आहे आणि त्या कापावर थर उघडे पडले आहेत.

मी गुडघ्यावर बसून बराच वेळ तो काप पाहिला. बारीक पिवळसर वाळू, मधेच करड्या रंगाची बोटभर रेघ, त्यात कोळशाचे कण, शिंपल्याचे तुकडे, एका ठिकाणी खापराची कड. नखाने टोकरायचा मोह झाला, पण हात मागे घेतला. असल्या कापातली एक चिमूटही इतिहासाच्या पानासारखी असते. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनी या टेकडीचा अभ्यास केला आणि ही वाळू एका मोठ्या समुद्री लाटेशी जोडली. १५२४ साली वास्को-द-गामाचा ताफा दाभोळच्या आसपास असताना वारा नसताना समुद्र हादरल्याची नोंद पोर्तुगीज लिखाणात आहे, तिचाही या चर्चेत उल्लेख होतो.

आपल्याकडे त्सुनामी म्हटलं की २००४ आणि तमिळनाडू डोळ्यांपुढे येतो. पण अरबी समुद्रालाही भूकंपाची पट्टी आहे, मकरानच्या किनाऱ्याला. २८ नोव्हेंबर १९४५ ला पहाटे तिथे मोठा भूकंप झाला आणि सकाळी आठच्या सुमारास मुंबईला सुमारे दोन मीटरची लाट पोचली. मुंबईत पंधरा माणसं गेली. भूकंप आणि लाट यांमधे साडेचार-पाच तास होते, पण सांगणारं कोणी नव्हतं. आता हैदराबादला इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचं त्सुनामी इशारा केंद्र आहे, ते २००७ पासून चालतं. हैदराबादहून केळशीच्या तहसिलापर्यंत इशारा काही मिनिटांत येईल. तहसिलापासून मासळी सुकवत बसलेल्या बाईपर्यंत तो कसा येणार, हे मी किनाऱ्यावर विचारत फिरले. एका ताईने जेटीवरच्या भोंग्याकडे बोट दाखवलं. दुसरी म्हणाली, "देवळाची घंटा वाजवली तर सगली येतील." मला दुसरं उत्तर जास्त पक्कं वाटलं.

रात्री एका आगरात उतरलो. सुपारीच्या झाडांमधून समुद्राची गाज येत होती. भाऊ लवकर झोपला, मी बराच वेळ जागी होते.

११ डिसेंबर : उन्हवरे, चिपळूण, पोफळी

दापोलीवरून येताना उन्हवऱ्याच्या कुंडावर थांबलो. पाण्याला हात लावता येत नाही इतकं गरम, गंधकाचा वास. अशी कुंडं पालघरपासून राजापूरपर्यंत सह्याद्रीला समांतर ओळीने आहेत. लहानपणी आम्हाला वाटायचं की खाली ज्वालामुखी आहे. तसं नाही. पावसाचंच पाणी भेगांमधून खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. कुंडाच्या काठावर बसून मला मामांचं परस आठवलं. भेग दिसली की पाणी आत शिरणारच. किती खोल शिरतं आणि तिथे काय करतं एवढाच फरक.

तारीख ठरवून नव्हती निवडली, पण ११ डिसेंबरलाच पोफळीच्या बाजूला पोचलो. १९६७ च्या याच तारखेला पहाटे चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास कोयनेचा भूकंप झाला, सव्वासहा-साडेसहा रिश्टरचा. कोयनानगर जमीनदोस्त झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. ज्या आजींकडे चहाला बसलो त्या तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. त्यांनी हातातली बशी खाली ठेवली आणि सांगायला लागल्या. "आवाज आदी आला. खालून. जात्याची पाळ फिरवल्यासारका. मग कौलं. आई आमाला वडत वडत खल्यात घेऊन गेली. थंडी इतकी, अंगावर काय नाय. दिवस उजाडला तवा दिसलं, परसाची भिंत नाय." पुढचे महिनाभर सगळी वाडी खळ्यातच झोपली. पेंढा अंथरून, गोधड्या घेऊन, मधे शेकोटी.

कोयना धरण १०३ मीटर उंच. १९६२ पासून त्याचा जलाशय, शिवसागर, भरायला लागला आणि त्यानंतर तिथे धक्के जाणवू लागले. पाण्याचा भार आणि खालच्या भेगांमध्ये झिरपणारं पाणी, दोन्ही मिळून आधीच ताणलेला खडक निसटतो. पाणी साठवल्याने भूकंप होतात याचं जगातलं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणून कोयनेचं नाव घेतलं जातं. धक्के अजून थांबलेले नाहीत. ते का होतात हे पाहण्यासाठी गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पाडलं आहे. वर सव्वा किलोमीटर आपला काळा बेसाल्ट आणि त्याच्या खाली ग्रॅनाइट लागला. मला हा आकडा फार ओढून घेतो. मामांच्या घरामागच्या बारा फुटांच्या कापात जे दिसलं, तेच किलोमीटरांमध्ये.

वीज तयार करून झाल्यावर कोयनेचं पाणी डोंगराच्या या बाजूला सुटतं, कोळकेवाडीतून वाशिष्ठीत येतं. घाटमाथ्यावरचं, पूर्वेला जायचं पाणी चिपळूणची नदी वाहून नेते. वाशिष्ठी उन्हाळ्यात आटत नाही ती याच्यामुळे. तिचं पात्र मात्र वर्षानुवर्षं गाळाने भरलं. २२ जुलै २०२१ ला वरून पाऊस, समोरून भरती आणि मधे उथळ नदी. बाजारपेठ पहिल्या मजल्यापर्यंत बुडाली. डोंगर कापले, रानं तोडली की माती पूर म्हणून दिसत नाही, गाळ म्हणून दिसते, आणि तोही काही वर्षांनी. दरड आणि पूर या दोन वेगळ्या आपत्ती नाहीत, ती एकाच मातीची दोन ठिकाणं आहेत.

संध्याकाळी लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात गेले. १८६४ चं ग्रंथालय. २००५ ला बुडालं, २०२१ ला पुन्हा बुडालं. तरी संध्याकाळी वाचायला माणसं येऊन बसलेली होती. डिसेंबर २०२१ मध्ये नदीतला गाळ काढा म्हणून चिपळूणकरांनी साखळी उपोषण केलं होतं. त्यात बसलेले एक गृहस्थ तिथे भेटले. ते म्हणाले, "मॅडम, आम्ही मदत नाही मागितली. आम्ही नदी मागितली."

१२ डिसेंबर : रस्त्यावर

दिवसभर गाडीत. परशुराम घाट आदल्या दिवशीच उतरलो होतो, पण त्याचं चित्र डोळ्यांतून जात नव्हतं. चौपदरीसाठी उभा कापलेला तांबडा डोंगर, खाली पेढे गाव, वर देऊळ. बाण मारून समुद्र मागे हटवला आणि ही जमीन काढली, अशी परशुरामाची कथा. कथेतली जमीन समुद्राची उसनी आहे, हे आपण विसरतो.

राजापूरच्या अलीकडे सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर, चिरेखाणी लागल्या. जांभ्यात चौकोनी हौद, एकापुढे एक, कुंपण नाही. सोडून दिलेल्या खाणीत पावसाचं पाणी साठतं आणि जांभ्याखालच्या मऊ पांढरट मातीत उतरतं. सड्याच्या कडेला ज्यांची घरं आहेत त्यांना ते कळायला हवं. एका खाणीवरच्या मुकादमांशी बोलायला गेले, त्यांना ते आवडलं नाही.

वैभववाडीला रेल्वेचा खोल काप दिसतो. २२ जून २००३ च्या रात्री इथे रुळांवर आलेल्या दगडांनी गाडी घसरली, पन्नासच्या वर माणसं गेली. त्यानंतर कोकण रेल्वेने कापांवर जाळ्या बसवल्या, पावसाळ्यात वेग कमी करून वेगळं वेळापत्रक केलं आणि रात्री गस्त वाढवली. गाडी दोन-अडीच तास उशिरा पोचते म्हणून आपण कुरकुर करतो. मी यापुढे करणार नाही. पाऊस वाढला की वेग कमी करायचा, हा नियम रेल्वेने केला. गावांनी, वाड्यांनी तो कधी करायचा?

१३ डिसेंबर : देवबाग

मालवणच्या दक्षिणेला तारकर्ली, तिच्या पुढे देवबाग. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. काही ठिकाणी रस्त्यावर उभं राहिलं की दोन्हीकडे पाणी दिसतं. समुद्राच्या बाजूला काळ्या दगडांचा बंधारा, त्याच्यावर आदळून पाणी माडांच्या मुळांत येतं. तीन माड आडवे पडले होते, त्यांच्या मुळांचे झुपके हवेत.

ज्यांच्याकडे जेवलो त्या काकांनी मला बंधाऱ्यावर नेलं आणि पाण्यात दूर बोट दाखवलं. "आमच्या आज्याच्या टायमाक थंय माड होते. थंय खळा होता. वाळू येता नि जाता, ह्या आमका म्हायत हा. पन आता जाता ती परत येणा नाय."

का येत नाही? किनाऱ्याची वाळू नदी आणते आणि लाटा तिला कडेकडेने ओढत नेतात. नदीतून वाळू उपसली, वर धरणं-बंधारे झाले, किनाऱ्यावर मधेच दगड टाकले, की कुठेतरी वाळू साठते आणि कुठेतरी कमी पडते. एका घरासमोर बंधारा झाला की शेजारच्या घरासमोर धूप वाढते. काकांनी हे मला कुठलाही शास्त्रीय शब्द न वापरता सांगितलं. "तेंचो बंधारो झालो नि आमचो वाडो गेलो. तेंका तरी काय म्हनाचा? तेंचाय घर हा."

कर्लीच्या मुखाशी वाळूचं एक बेट आहे. पर्यटक तिथे होडीने जातात, त्याला त्सुनामी आयलंड म्हणतात, २००४ च्या लाटेने ते वर आलं असं सांगतात. खाडीच्या मुखाशी वाळूचे दांडे असे होतात आणि मोडतात, दरसाल त्यांचा आकार बदलतो. मी होडीवाल्या मुलाला विचारलं, पुढच्या वर्षी असेल का हे? तो हसला. "असला तर धंदो. नसला तर दुसरीकडे होडी." मग थोड्या वेळाने, इंजिन बंद करून, म्हणाला, "घर मात्र एकच हा."

१४ डिसेंबर : पुन्हा परस

पहाटे निघून संध्याकाळी महाड गाठलं. आम्ही येणार हे सांगितलं नव्हतं.

मामा परसात नव्हते. वर रस्त्यावरून खणण्याचा आवाज येत होता. चढून गेले तर ते, वरच्या वाडीतले दोघे आणि शेजारचा एक मुलगा चर उकरत होते. पंचवीसेक फूट झाला होता. मोरीच्या तोंडाशी गोट्यांचा बांध घालून पाण्याची दिशा पऱ्याकडे केली होती. सळयांमधलं अंतर मोजलं. ६१ च. कोरड्या दिवसांत दुसरं काय असणार, पण मामांनी ते भिंतीवर नव्या तारखेसह लिहिलेलं होतं, पाच दिवस, रोज.

रात्री जेवणं झाल्यावर मामांनी एक पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. बिस्किटांचा, उभ्या कडांचा, झाकण काढलेला. "तू म्हनत होतीस ना, पाऊस गावात मोजायचा. यावर खूण करून दे. किती झाला की निघायचं."

मी ओटीवर बसले. डबा हातात घेतला तेव्हा कळलं की वीस वर्षांत मुलांना शिकवलेलं कुठलंही वाक्य याच्याइतकं जड नव्हतं. आधी भेग आणि आधीच्या दिवसांचा पाऊस बघायचा असतो, एका आकड्यावर डोंगर थांबत नाही, हे सगळं मी सांगितलं. झऱ्याचं पाणी गढूळ झालं, दारं चौकटीत अडकायला लागली, सळयांमधलं अंतर बोटभर वाढलं, तर डब्याकडे बघायचंच नाही, हेही सांगितलं. मग पट्टी लावून बाहेरून दोन रेघा मारल्या. हवामान खातं चोवीस तासांत ११५ मिलिमीटरच्या वर पडलेला पाऊस अति मुसळधार धरतं आणि २०४ च्या वरचा अत्यंत मुसळधार. एक रेघ साडेअकरा सेंटिमीटरवर, दुसरी साधारण वीसवर.

मामांनी वरच्या रेघेवर बोट ठेवलं. "खालच्या रेघंएवढा तर आमच्याकडं आखाडात धा वेळा पडतो. दर वेळी घर सोडून शाळंत जायाचं?"

मामी चुलीपाशी होती. ती उठून आली, डबा घेतला, खालच्या रेघेवरून अंगठा फिरवला. मग आत गेली आणि खुंटीला अडकवलेली एक पिशवी घेऊन आली. रेशनकार्ड, सातबारा, बँकेचं पुस्तक, मामांच्या बीपीच्या गोळ्या, एक टॉर्च. कधी भरली होती कोण जाणे.

"तुमी वरच्या रेघंला या," ती मामांना म्हणाली. "मी खालच्या रेघंला शेरडं घेऊन निघनार."

मामा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने उठले, टॉर्च काढून एकदा लावून बघितली आणि म्हणाले, "सेल जुनं हायत. उद्या महाडास्नं आनतो."